न पडलेला पूल

डेन्झिल टीटर रस्तेखात्यात पूल तपासायचा. एकतीस वर्षं त्याने तेवढंच केलं आणि त्यातली एकोणीस वर्षं त्याचे अहवाल मी टाइप केले. ॲपलेशियन डोंगरातल्या आमच्या खोऱ्यात त्याचं नाव अजूनही कुणी धड घेत नाही. मी तरी धड घ्यावं म्हणून हे लिहिते आहे. त्यात माझाही स्वार्थ आहे, तो पुढे कळेलच.

माणूस तसा कटकट्याच. कंत्राटदाराच्या हातची कॉफीसुद्धा घ्यायचा नाही. डब्यात रोज उकडलेला घेवडा आणि मक्याचा पाव. एकदा एका म्हातारीने सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी याच्या गाडीत ठेवली, तर हा बारा मैल मागे जाऊन ती परत देऊन आला.

"अरे, मुरंबाच तो," मी म्हटलं. "तिच्या नावावर काही पूल नाही."

"तिच्या जावयाची खडीची खाण आहे."

"म्हणून म्हातारीला दुखावलंस?"

"दुखावतोय कशाला? अर्धा तास बसून तिच्या गुडघ्यांची कहाणी ऐकली."

ऑफिसात सगळे त्याला 'पाद्री' म्हणायचे. तो म्हणू द्यायचा.

काम म्हणजे पुलाखाली उतरायचं, तुळया हातोडीने ठोकायच्या, आवाज ऐकायचा आणि शून्य ते नऊमधला एक आकडा लिहायचा. चार म्हणजे पूल आजारी. तीन म्हणजे जड गाड्या बंद. दोन म्हणजे आजच्या आज रस्ता बंद. एकोणीस वर्षांत मी दोनाचा आकडा मोजून तीनदा टाइप केला असेल.

त्यातला शेवटचा क्रॅबट्री नदीवरच्या पुलाचा. पलीकडे एकशेऐंशी घरं, त्यांत माझंही. दुसरी वाट हॉगबॅक डोंगरावरून, चाळीस मिनिटं जास्तीची. एप्रिलमध्ये डेन्झिल कमरेपर्यंत चिखलात माखून आला आणि त्याने चार फोटो माझ्या टेबलावर ठेवले. एका फोटोत मुख्य तुळईचं खांबाजवळचं टोक गंजून पोकळ झालेलं, आणि त्या भोकात हातोडी दांड्यापर्यंत रुतलेली. अहवालात आकडा दोन. त्याखाली एक ओळ होती: 'दोन वर्षांपूर्वीच्या तपासणीला नदी भरलेली असल्याने मी खाली उतरलो नाही. त्याआधीचा चारचा आकडा तसाच उतरवला.'

असं सगळेच करायचे. पाणी चढलेलं असलं की मागचा आकडा उतरवायचा आणि घरी जायचं. टाइप करणारीला ते कळतं, मागच्या अहवालातले स्वल्पविरामही जागच्या जागी असतात.

"ही ओळ गाळते," मी म्हटलं.

"गाळू नकोस."

"तुला विचारलंय कुणी?"

"मला तेव्हाच कळायला हवं होतं ना. टाइप कर, बाई."

आमचे साहेब रॉस्को प्लमली. त्यांनी त्याला आत बोलावलं. दार उघडंच होतं.

"तीन लिही, डेन्झिल. सप्टेंबरात पैसे येताहेत. तोवर जड गाड्यांना बंदीची पाटी लावू."

"साहेब, शाळेची बस जड गाडीच आहे."

"बस इतकी वर्षं जातेच आहे की."

"हो. मीच जाऊ दिली."

पूल धोक्याचा वाटला तर बंद करायचा अधिकार तपासनिसाला असतो. दुपारी त्याने स्वतः अडथळे नेऊन लावले. पलीकडची पोरं बससाठी पहाटे पाचला उठायला लागली. कुणीतरी डेन्झिलच्या गाडीवर रंगाचा डबा ओतला. माझा नवरा ओकी लाकडाच्या गिरणीत कामाला होता, तोही रोज डोंगरावरून जायला लागला. "तुझ्या पाद्र्याने मला म्हातारपणी डोंगर चढायला लावला," असं हसून म्हणायचा.

जूनमध्ये, सकाळचं खाता खाता, ओकीच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स हॉगबॅकवरून आली आणि आम्हाला घेऊन त्याच वाटेने परत निघाली. माथ्यावरच्या वळणाशी त्याच्या हाताची पकड सुटली. पुलावरून हॉस्पिटल आमच्या दारापासून अकरा मिनिटांवर आहे.

तिसऱ्या दिवशी डेन्झिल टोपी हातात घेऊन पोर्चमध्ये उभा राहिला. मी जाळीचं दार उघडलं नाही.

"तुझ्या आकड्याने मारलं त्याला," मी म्हटलं.

तो फोटो मी डोळ्यांनी पाहिला होता. तरी म्हटलं. त्याने होकारार्थी मान हलवली आणि तो निघून गेला.

ओकीच्या मरणावरून इतका गहजब झाला, की सप्टेंबरचे पैसे जुलैतच आले. तुळईला पोलादी पट्ट्या ठोकल्या, भोक झाकलं गेलं आणि ऑगस्टमध्ये पूल सुरू झाला. मग लोकांना आणखीच चेव आला. चार आठवड्यांचं तर काम, पुलाला झालं होतं काय? पूल पडला असता, बस नदीत गेली असती, तर डेन्झिलचं ऐकलं नाही म्हणून सगळे ऊर बडवत बसले असते. पूल पडला नाही. वेळेवर बंद केलेल्या पुलाचं भलं कुणाला दाखवता येत नाही.

सप्टेंबरात डेन्झिलवर चौकशी बसली. प्लमली साहेब म्हणाले, दोनाचा आकडा फुगवलेला होता, आणि हा माणूस मनाने आकडे भरतो हे त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलंय. फाइलमध्ये फोटो नव्हते. मग मला विचारलं, "अहवाल तुम्ही टाइप केलात. सोबत फोटो होते का?"

चारही फोटो मी माझ्या हाताने डकवले होते. डेन्झिल समोरच्या बाकावर बसला होता. त्याच्या नजरेत आर्जव नव्हतं, तो नुसता वाट पाहत होता.

"मला आठवत नाही," मी म्हटलं.

साहेबांची भीती होती थोडी. पण आता खोटं कशाला बोलू? त्याला यातना व्हाव्यात असं मला वाटत होतं. माझं माणूस गेलं होतं आणि कुणीतरी ते भोगायला हवं होतं.

निवृत्तीला तीन वर्षं असताना त्याला काढून टाकलं. मग तो घरामागच्या शेडमध्ये लोकांच्या करवतींना धार लावून द्यायचा. लोक म्हणजे खोऱ्याबाहेरचे, आमच्यातलं कुणी गेलं नाही. सतरा वर्षं आम्ही वाण्याकडे एकमेकांना दिसत राहिलो. तो टोपीला हात लावायचा, मी डबे निरखत बसायचे.

गेल्या हिवाळ्यात त्याला वृद्धांच्या दवाखान्यात हलवल्याचं कळलं, तेव्हा मी गेले. नाकात ऑक्सिजनची नळी, अंगाची नुसती हाडं राहिलेली. मी खुर्चीत बसले आणि पाठ केलेलं बोलून टाकलं.

"डेन्झिल, फोटो मला आठवत होते. चारही."

"ठाऊक आहे. त्यांवर नंबर तूच घातले होतेस."

"मग तिथेच का बोलला नाहीस? मला खोटं पाडायचंस."

श्वास गोळा करायला त्याला वेळ लागला.

"त्याच्या आदल्या खेपेला मी पाण्यात उतरलो असतो, तर ते भोक दोन वर्षं आधी दिसलं असतं. पूल तेव्हाच दुरुस्त झाला असता. त्या जूनमध्ये ओकी पुलावरून गेला असता. तू पोर्चमध्ये बोललीस ते खरंच होतं, आयोना. आकडा तेवढा चुकीचा धरलास. दोनाने नाही मारलं. चाराने मारलं."

मी माफी मागायला गेले होते. आता माझ्याकडून काहीतरी यायला हवं होतं, आणि तो माझ्याकडे तोंड करून पडला होता. "नाही रे, तसं काही नाही," एवढंच म्हणायचं होतं. कुणीतरी ते म्हणावं म्हणून तो सतरा वर्षं थांबला असेल. त्याचं बोलणं मी मनात उलटसुलट तपासलं, त्यात मला चूक सापडेना. नर्स जेवण घेऊन आली तेव्हा मी उठले.

पुढच्या मंगळवारी तो गेला. मी काहीच म्हणाले नव्हते.