बोललेलं खरं मानणारा भाडेकरू

समोरच्याचं बोलणं खरं मानणं यासारखा घातक दुर्गुण माणसात दुसरा नाही, आणि माझ्या गोदामावरच्या खोलीतल्या भाडेकरूत तो ठासून भरलेला होता. जव्हारची हवा थंड म्हणून हे सर पुण्याहून आले. काम काय, तर इंग्रजी वाक्यांसाठी व्याकरणाचे असे नियम रचायचे की संगणकाने वाक्य वाचून त्याचा अर्थ तर्काच्या खुणांत मांडावा: कोणी काय केलं, सगळ्यांनी की काहींनी, आणि एवढं धरलं तर पुढे काय खरं ठरतं. शिकलेला, धडधाकट माणूस दिवसभर हे करतो आणि त्याला त्याचा पगार मिळतो, हे ऐकूनच माझं डोकं तापायचं. मी मोखाड्याच्या बाजारात गोणपाट अंथरून नागली, म्हणजे तुमची नाचणी, विकत वर आलो. मला नियम कोणी रचून दिले नव्हते.

एकदा त्यांनी मला जिन्यावर अडवलं. 'प्रत्येक शेतकऱ्याकडे एक बैल आहे' म्हणजे ज्याचा त्याचा निराळा, की सगळ्यांचा मिळून एकच? मी म्हणालो, आमच्या पाड्यावर बैल एकाचा, गोठा दुसऱ्याचा आणि ऐन पेरणीत तो तिसऱ्याच्याच शेतात असतो, ते कुठे मांडणार? सर त्या दिवशी जेवले नाहीत. एकदा पाऊस नसला तर घरून तुमच्या खोलीवर येतो म्हणालो होतो, आणि पाऊस असूनही भिजत गेलो. त्यांनी दारातच समाधानाने सांगितलं की तुम्ही खोटे ठरत नाही, पावसात काय कराल ते तुम्ही बोललाच नव्हता. टॉवेल काही दिला नाही. बाजारात नागली आणणारी एक म्हातारी मला विचारायची, "भाऊ, तुजा तो सर येडा का शाना?" मी म्हणायचो, घेऊन जा आणि तूच ठरव.

पण एका गोष्टीची माफी नाही. चेन्नईच्या एका बिस्किट कारखान्याची खरेदी बघणारी बाई माझ्या गोदामात आली. वर्षभराची नागली थेट उचलणार होती. नाशिकच्या दलालांच्या दारात ताटकळणं कायमचं सुटणार होतं; त्यासाठीच तर मी उभा जन्म झिजलो. बाईला मराठी-हिंदी येईना, मला इंग्रजी येईना, म्हणून सरांना मध्ये बसवलं. भाव जवळजवळ जुळला. आता आमच्याकडची रीत अशी की शेवटी विकणाऱ्याने उठायचं, 'नाही परवडत, राहू द्या' म्हणायचं, आणि घेणाऱ्याने हात धरून खाली बसवायचं. मग चहा येतो आणि सौदा होतो. मी उठलो, तसं म्हणालो, आणि दारात जाऊन पायात चप्पल सरकवू लागलो. इतक्या सावकाश मी जन्मात चप्पल घातलेली नाही. आत सरांनी माझं वाक्य इमानाने इंग्रजीत सांगितलं. नकार पक्का आहे का, असं बाईने विचारलं. सरांनी विचार केला आणि हो म्हणाले. बाईने मला नमस्कार केला, गाडीत बसली, गाडी गेली. विकणारा मागे धावत नाही, म्हणून मी जळत उभा राहिलो.

मग असा ओरडलो की समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर आलं. सर शांतपणे म्हणाले, "तुम्ही परवडत नाही म्हणालात, शेठ. ते खरं नाही, असं परक्या बाईला सांगू? तुम्हाला खोटं पाडू?"

अख्खा बाजार माझं बोलणं निम्म्यावर आणून ऐकतो. बायकोसुद्धा. हा एकटा ते सगळंच्या सगळं घेत होता, आणि त्याने माझा राग आणखी चढला. मी म्हणालो, "खोली रिकामी करा. जव्हारात पुन्हा तोंड दाखवू नका."

त्यांनी क्षणभर विचार केला, मान डोलावली आणि वर गेले. सामान घेऊन उतरले, किल्ली माझ्या हातात दिली आणि डेपोच्या वाटेला लागले. असं कोणी बोललं की चार पावलं जाऊन मागे वळून बघायचं असतं, हे मोखाड्याच्या बाजारात कोणाला शिकवावं लागत नाही. वळले असते तर मी हाक मारणार होतो. दारातच तर उभा होतो मी.