न तापवलेल्या पुंगळ्या

बायकोला नाही, आईला नाही, देवापुढेसुद्धा नाही — हे माझ्या तोंडून कधी निघालंच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही सुजाताला ओळखत नाही.

सुजाता माझी धाकटी बहीण. रायफल नेमबाजी करायची, आणि अशीतशी नाही — राज्याच्या संघात जाईल अशी. तिच्याकडे परवाना होता, काडतुसं घरी भरायची परवानगीही. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांचे गळे तयार करायचं काम मात्र माझं. वालीवला माझं लेथचं वर्कशॉप आहे ना! गोळी जिथे बसते तो गळा झाडून झाडून कडक होतो. म्हणून तो ज्योतीवर तापवून मऊ करायचा. सगळे सारखे मऊ झाले, तर प्रत्येक गोळीवर पकड सारखी. काही मऊ, काही कडक — तर लांबच्या निशाणावर गोळ्या वर-खाली जाणार. एवढं साधं आहे ते.

तापवल्यावर गळ्यावर निळसर झाक येते. सुजाताला पितळ लखलखीत आवडायचं, म्हणून मी ती झाक घासून काढायचो. निवड स्पर्धेआधीही काढली — आणि माझंच कोपर लागून तापवलेल्यांचा ट्रे न तापवलेल्या पुंगळ्यांवर उलटला. त्याही घासून ठेवलेल्या. आता कुठली कुठली, कसं ओळखणार? सगळ्या पुन्हा तापवायला हव्या होत्या. का नाही तापवल्या? तर नायगावला आमच्या सोसायटीच्या क्रिकेटची फायनल होती, आणि मी कॅप्टन. हसू येतं ना? मलाही येतं.

"दादा, सगळे गळे झाले?" तिनं विचारलं.

"झाले."

स्पर्धेत तिच्या गोळ्या वर-खाली गेल्या. घरी आली ती रडवेली होऊन — "दादा, माझा हातच गेला रे." तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलंही मी. आणि काय बोललो? "होतं गं. वयाबरोबर हात हलतोच." तिशीसुद्धा झाली नव्हती तिची! भित्रा, दुसरं काय? उरलेल्या त्याच काडतुसांवर तिनं सराव केला, पुन्हा तेच झालं. मग तिनं रायफल विकली, परवाना परत केला.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीचं बारसं झालं. नाव ठेवायचा मान आत्याचा. बायकोनं बाळ पुढे केलं, तर सुजाता मागे सरकली. "नको वहिनी, माझ्या हातांचा भरवसा नाही. पाळण्यातच ठेव तिला."

हात पाठीमागे धरून ती वाकली आणि बाळाच्या कानात नाव सांगितलं. बायका हसल्या, रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे पडले. मी शेजारीच उभा होतो. सगळ्यांदेखत सांगता आलं असतं, तिला बाजूला नेऊनही सांगता आलं असतं.

मी घुगऱ्या वाटायला लागलो.