मांडीवरची लेक

मंगळवार पेठेत दानम्माची चिरमुऱ्यांची भट्टी होती. पोरकी शिवलीला पाच वर्षांची असताना तिनं तिला पदरात घेतलं. भावकीसमोर मांडीवर बसवून तोंडात साखर घातली, अन् झालं दत्तक. कोर्टाचा कागद करायचा असतो, हे कुणाच्या ध्यानातच आलं न्हाय.

अठ्ठ्याण्णव साली शिवलीलाचा इंजिनिअरिंगला नंबर लागला. फीमाफीसाठी मायलेकी कचेरीत गेल्या.

साहेब म्हणाला, "मावशी, दत्तकाचा कागद न्हाय, म्हणजे तुमच्या गरिबीवर हिची फी माफ व्हायची न्हाय. पोरगी माझी न्हवं, असं लिहून द्या. अनाथ म्हणून लगेच मंजूर करतो."

"अव्वा, दे की लिहून," शिवलीला कुजबुजली. "कागदावरच तर म्हणायचंय."

"तू गप."

दानम्मानं पदर खोचला, फरशीवर फतकल मारली अन् ती ताडमाड पोर हाताला धरून मांडीवर ओढली. रांगेतली माणसं माना वर करून बघाया लागली.

"सायेब, तवा तुमी न्हवता, म्हणून परत घेतली. आता लिवा, आई दानम्मा. माझी न्हवं म्हणून लिवायला ह्यो हात उठायचा न्हाय."

"उठा मावशी, लोक बघत्यात."

"बघू देत की. साक्षीदार लागत्यातच."

साहेबानं कपाळाला हात लावला, आईच्या नावापुढं दानम्मा लिहिलं अन् अर्ज वर पाठवतो म्हणाला.

पायाला मुंग्या आल्या म्हणून दानम्मा लेकीच्या खांद्याला धरून उठली. "न्हाय मंजूर झालं तर परत येतो," ती म्हणाली, "आन् हितंच बसतो."