सुके कपरे

पहिल्यांदा हसले ते पुढच्या रांगेतले. मग मधले. मग सगळा हॉल.

पनवेलच्या एका शाळेचा हॉल होता तो. रविवारची दुपार, लोखंडी खुर्च्या, वर गरगरणारे पंखे. साहित्य मंडळाचं वार्षिक कथावाचन चाललं होतं. कथा माझी होती, वाचत होते मंडळाचे अध्यक्ष. निवृत्त हेडमास्तर, सगळे त्यांना सर म्हणायचे. मी स्टेजवर कडेच्या खुर्चीत बसले होते, हात मांडीवर घेऊन, फोटोला बसतात तशी.

कथेत एक बाई असते. तिचा आठ वर्षांचा मुलगा बुडून मेलेला असतो. त्याला पाण्यातून काढून अंगणात ठेवतात आणि ती बाई ओरडते, "माजे पोराला सुके कपरे घाला रं. थंडी वाजतंय त्याला."

सरांनी हे वाक्य आवाज बारीक करून वाचलं. एक हात डोक्यावर ठेवला, मान वाकडी केली आणि "कपरे" लांबवलं. कपरेऽऽ.

त्यावर लोक हसले.

ती बाई माझी आय होती. मुलगा म्हणजे माझा धाकटा भाऊ, आम्ही त्याला धाकला म्हणायचो. आणि आय त्या हॉलमध्येच बसली होती, मागून तिसऱ्या रांगेत.

आमचं गाव उरणच्या बाजूला, खाडीला लागून. मिठागरं. भरतीचं पाणी आत-बाहेर करायला बांधात लाकडी दार असतं, त्याला आमच्याकडे उघाडी म्हणतात. धाकला त्या उघाडीत गेला. खेळताना गेला, की पाय घसरला, कोणी बघितलं नाही. मी तेव्हा बारा वर्षांची होते. आय काय ओरडली ते मी ऐकलं. शेजारच्या बायकांनी खरंच कोरडा सदरा आणला आणि त्याला घातला. तो सदरा अंगात घालतानाचे त्याचे हात मला अजून दिसतात. बाप त्याच्याआधीच गेला होता. आयला मी उरले आणि मला आय.

पुढे मी रोज शिकायला पनवेलला येऊ लागले. वर्गात पहिल्याच आठवड्यात "शाला" म्हणाले आणि बाई म्हणाल्या, आधी तोंड धुऊन ये. सगळी पोरं खिदळली. त्यानंतर मी जीभ घासूनपुसून घेतली. शाळा, गाडी, घोडा, कपडे. आहे, नाही, आम्ही, तुम्ही. एस.टी.तून पनवेलला उतरलं की मी बोलणं बदलायचे, घरी गेले की पुन्हा बदलायचे. इतकी सवय झाली की कोणाला पत्ता लागायचा नाही. मीसुद्धा त्यात भूषण मानायचे. आता हे जे सांगतेय तेही तुमच्याच भाषेत सांगतेय बघा.

एका वकिलांकडे टायपिंगची नोकरी लागली. मराठी टाइपरायटर. वकीलसाहेब मंडळाचे कार्यवाह, त्यामुळे मंडळाची पत्रकं, ठराव, सभासदांच्या कविता, सगळं माझ्याकडे यायचं. पहाटेवर कविता, प्राजक्तावर कविता, हिमालयावर कविता. ज्यांनी हिमालय बघितला नव्हता त्यांच्याही. मी टाइप करून द्यायची. जेवणाच्या सुट्टीत सगळे घरी जायचे, तेव्हा मी डबा बाजूला ठेवून माझं लिहायची. साहेबांचा जिना वाजला की कागद ओढून काढायचा आणि नोटीस चढवायची. अशी अर्धी अर्धी वाक्यं करत धाकल्याची कथा लिहिली.

पण त्यातलं बोलणं मला लिहिता येईना. आयचं ते वाक्य मी आधी "माझ्या मुलाला कोरडे कपडे घाला" असं टाइप केलं. वाचलं. कोण ही बाई? मला तिचं काही वाटेचना. कितीदा बदललं. मग एका दुपारी आय जशी ओरडली होती तसंच बोटांनी उमटवलं आणि टाइपरायटरवर डोकं ठेवून रडले. तेव्हा कळलं की आपण लिहू शकतो.

हिंमत करून कथा सरांना दाखवली. त्यांनी वाचली आणि म्हणाले, अस्सल आहे. अस्सल! मी हुरळून गेले. आठवडाभर पाय जमिनीवर नव्हते माझे. वार्षिक वाचनात घेऊ म्हणाले. मी म्हटलं, मी तयारी करते. तर म्हणाले, तुम्ही नका वाचू, मी वाचतो. तुमचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा नाही.

"आणि त्या बोलीचं म्हणाल तर ते मला जमतं. आमच्या भांडीवालीचं रोज ऐकतो ना."

हे ऐकून मी हसले. खरंच हसले. मोठी माणसं बोलतात तेव्हा हसायचं, एवढंच मला माहीत होतं.

आयला बोलावलं. ती कधी असल्या कार्यक्रमाला आलेली नव्हती. पेटीतलं हिरवं लुगडं काढलं, डोक्यात अबोलीचा वळेसर घातला. हॉलच्या दारात तिनं चपला काढल्या, देवळात काढतात तशा, आणि पिशवीत घालून ती पिशवी मांडीवर घेऊन बसली. तिला एवढंच ठाऊक होतं की लेकीनं धाकल्याचं लिवलंय आणि ते आज मोठी माणसं वाचणार. येताना एस.टी.त तिनं मला विचारलं होतं, त्याचं नाव घेतील का. मी म्हटलं, घेतील. त्यावर ती खिडकीबाहेर बघत बसली.

तर हॉल हसला. आणि माझी आयही हसली.

तिनं पदर तोंडाला लावला आणि ती हसली. तिला सगळं नीट कळत नव्हतं, सर भराभर वाचत होते, माईक घुमत होता. चार शिकलेली माणसं हसतायत म्हणजे काहीतरी चांगलं असणार, आपण तोंड पाडून कसं बसायचं, असं तिला वाटलं असेल. पाहुण्याच्या घरी आपण हसतो तसं ती हसली.

मागून कोणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!"

आणि सरांनी ते पुन्हा वाचलं. या वेळी सावकाश, जास्त रंगवून. "माऽऽजे पोराला सुके कपरेऽऽ..."

आता आयनं ऐकलं. मला स्टेजवरून तिचं तोंड दिसत होतं. पदर तसाच तोंडावर राहिला, वरचे डोळे मात्र बदलले. तिनं आधी सरांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

मी उठले. कशी उठले माहीत नाही, खुर्ची मागे पडली एवढं आठवतं. सरांच्या हातातले कागद धरले. ते सोडेनात. हळू आवाजात म्हणाले, अहो, संपू तर द्या, रंगलंय. मी ओढले तसा एक कागद फाटला. माईक समोरच होता.

"ती माजी आय हाय. माजा भाव मेलाय त्यात."

इतक्या वर्षांत पनवेलमध्ये माझ्या तोंडून पहिल्यांदा "हाय" गेलं. ठरवून नाही गेलं. दुसरं काही आलंच नाही तोंडात.

आणि यावरही पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघी हसल्या. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग.

मी खाली उतरले, आयचा हात धरला आणि बाहेर आले. तिनं दारात थांबून पिशवीतून चपला काढल्या, घातल्या. तेवढा वेळ सगळे आमच्या पाठीकडे बघत होते. बाहेर नोटीस बोर्डावर कार्यक्रमाचं पत्रक लावलेलं होतं. मंडळाची बाकीची पत्रकं मीच टाइप केलेली, हे मात्र छापून आणलेलं. माझ्या कथेपुढे कंसात लिहिलं होतं: विनोदी.

एस.टी. स्टँडवर आलो. उरणची गाडी लागत नव्हती. मी तिला चहा आणून दिला, तो तिनं हातातच धरून ठेवला. मग म्हणाली, "बाय, तू त्यांना हसवाला लिवलंस?"

मी नाय म्हटलं. शपथ घेतली. धाकल्याची शपथ घेतली. तिनं मान हलवली, पण ती मान हलवणं मला ओळखू येतं. एवढी माणसं हसली ती काय उगाच हसली, असं तिच्या मनात होतं. तिच्या पोराचं मरण मी चव्हाट्यावर नेऊन ठेवलं होतं आणि लोकांनी ते मिटक्या मारत बघितलं होतं. मी कुठल्या तोंडानं तिला समजावणार?

दुसऱ्या दिवशी सर ऑफिसात आले. रागावलेले नव्हते, हेच वाईट. समजुतीनं बोलले. लोक हसले म्हणजे त्यांना आवडलं, त्या बोलीत मुळात एक गंमत आहे, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. कथा आपण स्मरणिकेत छापू. फक्त संवाद शुद्ध करून द्या, मग कोणी हसायचं नाही.

म्हणजे दोनच वाटा. आय तिच्या बोलीत रडली तर ती विदूषक. नाहीतर तिनं तुमच्या बोलीत रडायचं. तिचं रडणं तिच्या तोंडून ऐकून घेणारा कान सबंध पनवेलमध्ये नव्हता.

मी म्हटलं, कथा छापू नका. आणि मंडळाचं टायपिंग मी यापुढे करणार नाही. वकीलसाहेब आतून म्हणाले, सरांची माफी माग. मी माझा डबा उचलला आणि जिना उतरले. पुढे वर्षभर कोर्टाबाहेर झाडाखाली अर्ज टाइप करून दिले. तिथं निदान लोक आपलं दुःख सांगताना मी त्यांच्या तोंडाकडे बघायची, हसायची नाही.

पण आय गप्प झाली. माझं सगळं लिहिणं तिच्या तोंडचं. रात्री भाकरी थापताना ती सांगायची, मिठागरातल्या बायकांचं, बापाचं, धाकल्याचं. ते थांबलं. मी काही विचारलं की माझ्या हाताकडे बघायची, हातात पेन नाही ना. म्हणायची, कशाला, जाऊ दे. धाकल्याचं नाव तिनं माझ्यापुढे पुन्हा घेतलं नाही. मी लेखक होणार होते आणि माझी आयच माझ्याशी बोलायची बंद झाली. सरांना मी हे कधीच सांगितलं नाही. त्यांना काय कळणार होतं म्हणा.

मग ती आजारी पडली. पनवेलच्या सरकारी दवाखान्यात ठेवली. एके सकाळी ताप उतरला आणि घामानं अंगावरचं सगळं भिजलं. ती कुडकुडत होती. सिस्टर जवळून चालली होती. आयनं हात वर केला आणि म्हणाली, "सिस्टर, सुके कप..." आणि थांबली. ओठ हलले. पुन्हा सुरुवात केली. "कप... कपडे." ड म्हणताना तिची जीभ टाळूला लागलेली मी बघितली. थंडीनं दात वाजत होते आणि ती ड जुळवत होती.

सिस्टरनं लक्षही दिलं नाही. आयनं माझ्याकडे वळून विचारलं, "बरोबर बोलली ना?"

मी हो म्हटलं. तिला मीच कोरडं लुगडं नेसवलं. त्या आजारातून ती उठली नाही.

कथा मी पुन्हा लिहिली. आता तिचा शेवट दवाखान्यात होतो. मासिकांकडून परत येते. कोणी म्हणतं संवाद प्रमाण भाषेत करा, कोणी म्हणतं तळाशी अर्थ द्या, एकानं विचारलं की आणखी थोडी खुसखुशीत करता येईल का. मी उत्तर देत नाही. दुसरीकडे पाठवते.

छापली जाईल ती "कपरे" ठेवूनच छापली जाईल. नाहीतर माझ्याकडे पडून राहील. आणि वाचायची वेळ आली तर मी वाचीन, माझ्या तोंडानं. त्या ओळीशी आले की थांबेन. ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्यावं. त्यांचं हसून होईपर्यंत मी त्यांच्याकडे बघत उभी राहीन. पान उलटणार नाय.