न पिणाऱ्याचं नाक

दारूचा थेंबही ओठाला न लावलेला माणूस दारूची पारख करायचा, असं सांगितलं की लोक मला वेड्यात काढतात. काढोत बापडे. एकतीस साली कारंज्याच्या कापसाच्या जीनवर मी, इंझोरीचा बबनराव, कारकून होतो आणि साहेबाच्या बंगल्यावर रहीमचाचा खानसामा होते. पाच वेळची नमाज कधी चुकली नाही. मात्र तरुणपणी मुंबईच्या हॉटेलात ते एक विद्या शिकले होते. दारूचा थेंब तळहातावर घ्यायचा, हात चोळायचे आणि वास घ्यायचा. मग कोपरापर्यंत हात धुवायचे.

त्या हिवाळ्यात कंपनीचा बडा साहेब पाहुणा येणार होता. अर्धी उमर जमैकात घालवलेला. त्याला तिथल्याच काळ्या रमचं, लिंबू-मसाला घातलेलं पंच लागायचं. आमच्या साहेबानं चाचांना बजावलं, रविवारपर्यंत ती रम आण, नाहीतर मुंबईहून दुसरा खानसामा आणतो. साठीला टेकलेल्या माणसाला हे ऐकवायचं म्हणजे हद्द झाली.

कारंज्यात कुठली आली जमैकाची रम? जमशेदशेटच्या दुकानात ब्रँडी होती, पलटणीतली साधी रम होती. काळी मागितली तर शेट म्हणाला, काळ्या कागदात गुंडाळून देतो. मी छोट्या गाडीनं मुर्तिजापूर गाठलं, पुढं जाऊन अकोला पालथं घातलं. मुंबईला तार केली. माल जहाजावर आहे, असं उत्तर आलं. जहाज कुठं आहे ते मात्र त्यांनी कळवलं नाही.

शनिवारी माझं डोकं चाललं. रम शेवटी उसाचीच ना? शेटची साधी रम घेतली, तिच्यात घट्ट काकवी ढवळली आणि साहेबाकडच्या जमैकाच्या एका रिकाम्या बाटलीत भरली. रंग असा जमला की मीच हरखलो. चाचांना जाऊन सांगितलं, मिळाली.

चाचांनी थेंब घेऊन हात चोळले. खरी रम उडून जाते, हात कोरडे राहतात. त्यांचे तळवे एकमेकांना चिकटले. ते माझ्याकडे बघून हसले.

"बाबू, तू माह्यासाठी केलं, मले समजते. पन हे मी नाही देनार."

मी म्हटलं, साहेबलोकांना काय कळतंय?

"नाहीच कळनार. मी पेत नाही. पेनारा माह्या नाकावर भरोसा ठेवून पेते. त्याले फसवनं मले लय सोपं हाय. म्हनूनच नाही करनं."

रविवारी त्यांनी रम मिळाली नाही एवढंच सांगितलं आणि पाहुण्यापुढं लिंबाचं सरबत ठेवलं. माझं नाव काढलं नाही. सोमवारी साहेबानं बंगल्याच्या किल्ल्या परत घेतल्या. नोकरीवर असं पाणी सोडणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

मला अन्न गोड लागेना. शेवटी नोकरी गेली तर गेली म्हणून बाटली घेऊन साहेबापुढं उभा राहिलो आणि सगळं कबूल केलं. ही बाटली पुढं करून चाचा सहज वाचले असते, त्यांना परत बोलवा, असं म्हटलं. साहेबानं ग्लासात ओतून घेतली. घोट घेतला, डोळे मिटले.

"फारच छान आहे. मग म्हाताऱ्यानं दिली का नाही?"

"खोटी आहे म्हणून, साहेब."

साहेबानं ग्लास रिकामा केला आणि आणखी ओत म्हणून माझ्यापुढं धरला.