ईरप्पाच्या लेथचं माप

भवानी पेठेत ईरप्पा लेथवर लाटणी आणि पलंगाचे पाय कातून देतो. हात सोन्याचा, डोकं मात्र त्याचं स्वतःचं. लाकूड धरून ठेवणारा चक मोडला, तसा तो माझ्या यंत्रांच्या सुट्या भागांच्या दुकानात आला. मी म्हटलं, "चक लेथच्या आट्यांवर फिरवून बसवायचा असतो. आधी आट्यांचं माप आण."

मोजपट्टी लावणं त्याला कमीपणाचं वाटतं. दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ फडक्यात कडक भाकरी बांधून हजर! आट्यांभोवती ज्वारीचं ओलं पीठ थापलं, अलगद फिरवून काढलं आणि तव्यावर वाळवलं म्हणे. मी कपाळावर हात मारला, पण भाकरीच्या भोकाला जुळणारा चक दिला.

संध्याकाळी तो परत आला. "बसत न्हाय मालक. लहान पडतोय."

"वाळल्यावर पीठ आकसतं, शहाण्या!" मी ओरडलो. "आण ती भाकरी, किती आकसली बघू."

"ती कुटं हाय आता? शेंगाचटणीसंगं खाल्ली की."

"अरे, माप होतं ते!"

"व्हय, पण चुकीचं होतं न्हवं?" तो शांतपणे म्हणाला. "चुकीचं माप घरात ठेवून काय करायचं?"