मितभाषी, सबब वकिली नको

करिअर चाचणीचा अहवाल ज्याचा त्याला मिळतो, पण त्यावरचे किस्से सगळ्या वर्गाचे होतात. आमच्या अकरावीत ते इतके साठले की मी वहीच्या मागच्या पानांवर लिहायला घेतले. बोलून सांगणं मला जमत नाही. शिवाय माझं त्यात बरंच अडकलं होतं. मला वकील व्हायचंय, आणि बाबांनी आधीच बजावलं होतं, "अहवालात येयत, ताच शिकूचा."

*

चाचणी घ्यायला कोल्हापूरहून एक सर आले होते. पहिलाच प्रश्न होता, 'गर्दीत तुम्हाला अस्वस्थ वाटते का?'

माझ्या बाकावरच्या सायलीने हात वर केला. "सर, गर्दी खंयची? जत्रेतली काय एसटीतली?"

"कुठलीही."

"मगे एक खूण कशी पुरतली? जत्रेत माका बरा वाटता."

*

प्रथमेशच्या घरची रापण आहे. किनाऱ्यावरून ते जाळं ओढायला अर्धी वाडी लागते. 'तुम्ही गटाचे नेतृत्व करता का?' यावर त्याने 'कधीच नाही' अशी खूण केली, कारण हाळी त्याचे आजोबा देतात. अहवाल आला, 'सांघिक कामाची आवड कमी.'

"चाळीस माणसांवांगडा दोरी ओढतंय मी," तो म्हणाला. "सगळेच हाळी देवक लागले तर जाळा कोण ओढतलो?"

*

सायलीची उत्तरपत्रिका सापडेना, म्हणून मधल्या सुट्टीनंतर तिने दुसरी लिहिली. मग पहिली सापडली. दोन्ही तपासल्या गेल्या. पहिलीत बँकिंग आलं, दुसरीत हॉटेल मॅनेजमेंट.

"सर, मदी मी फक्त एक वडापाव खाल्लंय."

*

"सर, तुम्ही ही चाचणी दिलेली?" प्रथमेशने विचारलं.

"दिलेली ना. संगीत आलं होतं."

"मगे?"

सरांनी अहवालांचा गठ्ठा टेबलावर आपटून सारखा केला. "रोल नंबर बारा, घेऊन जा."

बारा नंबर माझा.

*

त्यात होतं, 'मितभाषी. लोकांसमोर बोलण्याची कामे टाळावीत. ग्रंथालय योग्य.'

मितभाषी आहेच मी. पण काकूचा वारस नोंदीचा अर्ज तीनदा परत आला, तेव्हा त्यातली चूक मीच शोधली होती, न बोलता. असा प्रश्न चाचणीत नव्हता.

बाबांनी अहवाल दोनदा वाचला. तीन दिवस ते ग्रंथालय म्हणत राहिले आणि मी मान हलवून नाही म्हणत राहिले. शेवटी ते म्हणाले, "कागद नको म्हणता, तू होय म्हणतंस. चल, देवीक कौल लावया."

आमच्याकडे मोठं काही ठरवायचं तर कौल लावतात. गुरवकाका मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न घालतात. उजवीकडची आधी पडली की होकार.

पाकळ्या लावून झाल्या. बाबांनी अहवाल हातात धरून तोंड उघडलं. गुरवकाकांनी त्यांना थांबवलं.

"प्रश्न चेडवाचो. तिनाच सांगूचो. मोठ्यान."

देवळात दहा-बारा माणसं होती. सगळी माझ्याकडे वळली.

"माका वकील होवचा आसा," मी म्हटलं. "ह्या विचारूक नाय, सांगूक इलंय."

गुरवकाकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि लावलेल्या पाकळ्या एकेक काढून ताटलीत ठेवल्या.

"आणि कौल?" बाबांनी विचारलं.

"कौल प्रश्नाक आसता."

बाबा पुटपुटले, "घरात हिचो आवाज कधी आयकाक येना नाय."

"हय इलो," गुरवकाका म्हणाले. "देवीकय इलो आसतलो."